कमळांची रास आणि समच्छेद

एका भक्ताने निर्मळ कमळांची एक रास आणली. तिचा तिसरा भाग त्याने शंकरास वाहिला, पाचवा भाग विष्णूस, सहावा भाग सूर्यास आणि चौथा भाग देवीस. उरलेल्या सहा कमळांनी त्याने गुरुचरणांची पूजा केली. तर मुळात रास किती कमळांची होती? हे उदाहरण भास्कराचार्यांनी 'लीलावती'त घातले आहे. आचार्यांचा जन्म शके १०३६ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' रचला, आणि लीलावती हा त्याचाच पहिला भाग मानतात. पंचायतन पूजेची सवय असलेल्या आमच्या वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की, येथे पाच पूजास्थानांपैकी चार ओळखीची आहेत आणि पाचव्या जागी गणपतीऐवजी गुरू बसले आहेत. गणित शिकविणाऱ्या ग्रंथात गुरूस ही जागा मिळावी, यात नवल नाही.

उत्तर काढणे अवघड नाही, पण त्याची वाट एका अरुंद दारातून जाते. १/३, १/५, १/६ आणि १/४ हे चार भाग एकत्र करावयाचे. तीन, पाच, सहा आणि चार या चारही संख्यांनी निःशेष भाग जाईल अशी सर्वांत लहान संख्या ६०. साठ भागांपैकी शंकराचे २०, विष्णूचे १२, सूर्याचे १० आणि देवीचे १५, बेरीज ५७. साठांतून सत्तावन्न गेले, राहिले तीन. साठांपैकी तीन म्हणजे एक विसावा भाग. हा विसावा भाग म्हणजेच गुरूची सहा कमळे. तेव्हा रास १२० कमळांची. ताळा पाहावा: ४०, २४, २०, ३० आणि ६. आचार्यांची रीत हीच आहे. सगळी रास एक मानावी, भाग वजा करावेत, जे उरेल त्याने दिसणाऱ्या सहांस भागावे.

त्या अरुंद दाराचे नाव समच्छेद. आज शाळेत मुलास सांगतात, 'छेद निराळे असले तर लसावि काढ.' मूल काढते, कारण न काढल्यास गुण जातात. का काढावयाचा हे बहुधा कोणी सांगत नाही. आमच्या पाहण्यात तरी, हुशार मुलांचेसुद्धा गणिताशी असलेले सख्य तुटते ते याच ठिकाणी. तोवरची बेरीज बोटांवर पडताळून पाहता येत होती; येथे प्रथमच एक विधी विश्वासाने करावा लागतो. मग ज्यास विश्वास नाही ते मूल आपल्या बुद्धीने वरच्याची वरच्याशी आणि खालच्याची खालच्याशी बेरीज करते, आणि १/२ व १/३ मिळून २/५ असे लिहून मोकळे होते. त्याची पाटी पुसण्याआधी त्याला एवढेच विचारावे की, अर्ध्या भाकरीत आणखी एक तुकडा घातल्यावर ती अर्ध्याहून कमी कशी झाली? दोन पंचमांश तर अर्ध्याहून लहान आहेत! या प्रश्नाने जे काम होते ते दहा वेळा नियम घोकून होत नाही.

खरी गोष्ट अशी की छेद ही मोजण्याची संख्या नव्हेच. ते तुकड्याचे नाव आहे. तीन नारळ आणि दोन केळी मिळून पाच नारळही होत नाहीत आणि पाच केळीही होत नाहीत. पाच फळे मात्र होतात. दोघांस सामावून घेणारे तिसरे नाव सापडल्याशिवाय बेरीज बोलताच येत नाही. अर्धा आणि तृतीयांश यांस सामावून घेणारे नाव 'षष्ठांश': अर्ध्यात तीन, तृतीयांशात दोन, मिळून पाच षष्ठांश. आपल्या प्राचीन गणितज्ञांनी या सगळ्या प्रकरणास 'कलासवर्ण' म्हटले. कला म्हणजे अंश, विशेषतः चंद्राच्या कलेप्रमाणे सोळावा अंश. आणि सवर्ण म्हणजे एका रंगाचे. निरनिराळ्या रंगांचे तुकडे प्रथम एका रंगाचे करावयाचे आणि मग मोजावयाचे. 'लघुतम साधारण विभाज्य' या आजच्या लांबलचक नावापेक्षा या एका शब्दात अर्थ अधिक उघडा आहे, असे आम्हांस वाटते.

हा विचार आपल्याकडे किती जुना? ग्रंथांत नियम सापडण्याच्या पुष्कळ आधी तो यज्ञवेदीवर सापडतो. शुल्ब म्हणजे दोरी. वेदीची मापे दोरीने कशी आखावीत हे सांगणाऱ्या बौधायनाच्या शुल्बसूत्रात, दिलेल्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू काढण्याची कृती आहे. मूळ बाजू घ्यावी, तीत तिचा तिसरा भाग मिळवावा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवावा, आणि या शेवटच्या तुकड्याचा चौतिसावा भाग त्यातून कमी करावा. छेद झाले ३, १२ आणि ४०८. प्रत्येक पुढचा छेद मागच्याच्या पोटातून कापलेला असल्यामुळे समच्छेद शोधावा लागत नाही; शेवटचा छेदच सर्वांचा छेद होतो. ४०८, १३६ आणि ३४ यांची बेरीज ५७८, त्यातून १ गेला, राहिले ५७७. म्हणजे ५७७/४०८. दशमानात हे १.४१४२१५ च्या पुढे जाते. दोनाचे वर्गमूळ १.४१४२१३ च्या पुढे. पाचव्या दशांशस्थळापर्यंत फरक नाही. दोरी ताणून विटा रचणाऱ्यांस एवढी सूक्ष्मता कशासाठी हवी होती, असा प्रश्न मनात येतो. विटांसाठी ती खासच नव्हती.

अर्थात ही युक्ती जगात आपल्याच पूर्वजांस सुचली असे म्हणण्याचे कारण नाही, आणि तसे म्हटल्याने त्यांचा मोठेपणा वाढतही नाही. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या मिसर देशातील एका पपायरसावर लेखकाने अपूर्णांकांच्या खाली तांबड्या शाईने साहाय्यक संख्या लिहिल्या आहेत. त्या आपल्या समच्छेदाच्याच जातीच्या आहेत. मिसरी लोक दोनतृतीयांश सोडता एकच अंश असलेले अपूर्णांक वापरीत, त्यामुळे त्यांचा मार्ग फार वळणावळणांचा झाला. चीनमधील 'नऊ अध्याय' या जुन्या गणितग्रंथात एकाच्या अंशास दुसऱ्याच्या छेदाने गुणण्याची रीत स्पष्ट दिली आहे. जेथे जेथे धान्य मोजले गेले आणि वाटे झाले, तेथे तेथे कोणास तरी हे दार शोधावेच लागले.

आपल्याकडे नियमाचे स्पष्ट शब्द मिळतात ते इ. स. ४९९ च्या सुमाराच्या 'आर्यभटीया'त. गणितपादातील सत्ताविसाव्या आर्येच्या उत्तरार्धात आर्यभटांनी सवर्णत्व सांगून टाकले आहे: प्रत्येकाचे अंश आणि छेद दुसऱ्याच्या छेदाने गुणावेत. अर्धी आर्या, बस्स! आर्यभटांची लेखणी अशीच कंजूष आहे. ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्ये 'ब्रह्मस्फुटसिद्धान्ता'च्या गणिताध्यायात हीच रीत बेरीज-वजाबाकीसाठी सांगितली. या रीतीत चूक कधी होत नाही, पण अंक फुगतात. १/६ आणि १/८ मिळवावयाचे तर ती ४८ छेद देते. वस्तुतः २४ पुरे आहेत. तीनचार अपूर्णांक एकत्र आले की मग पाटीवर जागा पुरत नाही. आमच्या कमळांच्या उदाहरणात चारही छेद एकमेकांशी गुणले असते तर ३६० झाले असते, म्हणजे लागतात त्याच्या सहापट.

हा फुगवटा उतरविण्याचा मान महावीराचार्यांचा. नवव्या शतकात मान्यखेटचा राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंग याच्या काळात या जैन पंडिताने 'गणितसारसंग्रह' लिहिला. एम. रंगाचार्य यांनी तो १९१२ साली मद्रासेत इंग्रजी भाषांतरासह छापून प्रसिद्ध केला, तेव्हा आधुनिक विद्वानांस त्याची खरी ओळख झाली. महावीराचार्यांनी लसाविस 'निरुद्ध' असे नाव दिले आहे. छेदांतील साधारण अवयव बाजूस काढावेत, उरलेले भागाकार घ्यावेत आणि सर्वांचा गुणाकार करावा, म्हणजे निरुद्ध मिळतो. सहा आणि आठ यांत साधारण अवयव २, उरले ३ आणि ४, गुणाकार २४. अपूर्णांक हा महावीरांचा लाडका विषय दिसतो. एक या संख्येचे एकाच अंशाच्या अपूर्णांकांत तुकडे कसे पाडावेत याचाही त्यांनी नियम दिला आहे. चार तुकडे हवे असतील तर तो नियम १/२, १/३, १/९ आणि १/१८ असे देतो. यांचा निरुद्ध १८. तुकडे ९, ६, २ आणि १. बेरीज बरोबर अठरा. व्यवहारात याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. आम्ही म्हणतो, रांगोळीचा तरी काय असतो?

यानंतर तीनशे वर्षांनी आलेल्या भास्कराचार्यांनी दोन्ही मार्ग एकाच श्लोकात बसविले. पूर्वार्धात जुना मार्ग: एकमेकांच्या छेदांनी अंश आणि छेद गुणावेत. उत्तरार्धात म्हणतात की, बुद्धिमान माणसाने दोन्ही छेदांस प्रथम साधारण अवयवाने भागावे आणि त्या लहान झालेल्या छेदांनी परस्परांस गुणावे. पुढे उदाहरण दिले आहे ते मुद्दाम या उत्तरार्धासाठी निवडलेले: चौदावा भाग घ्या आणि त्यातून त्रेसष्टावा भाग वजा करा. आडदांडपणे गेल्यास छेद ८८२. पण १४ आणि ६३ या दोघांस सातांनी भाग जातो. राहतात २ आणि ९. चौदाव्या भागास नवांनी गुणले, ९/१२६. त्रेसष्टाव्यास दोहोंनी गुणले, २/१२६. वजाबाकी ७/१२६, आणि पुन्हा सातांनी भाग दिल्यावर १/१८. शिकविणाऱ्याची दृष्टी येथे दिसते. नियम दोन सांगितले, सक्ती कोणाचीच केली नाही. पण 'बुद्धिमान' हा एक शब्द अशा जागी ठेवला की, शिष्याने आपण होऊन दुसरा मार्ग धरावा.

लीलावती ही आचार्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती पडून तिचा मुहूर्त टळला, आणि तिच्या सांत्वनासाठी ग्रंथ लिहिला, ही कथा आमच्या वाचकांनी ऐकली असेल. ती अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेतून पसरली. खुद्द आचार्यांच्या शब्दांत तिला आधार नाही. ग्रंथात कधी 'सखे', कधी 'मित्रा', तर कधी 'बाले' अशी संबोधने येतात, एवढेच. असो. आचार्यांचा स्वभाव कळण्यास कथेपेक्षा त्यांची उदाहरणे अधिक उपयोगी आहेत. एका कवडीचुंबक धनिकाकडे याचक येतो. धनिक त्यास एका द्रम्माच्या अर्ध्याच्या दोनतृतीयांशाच्या पाऊण भागाच्या पंचमांशाच्या षोडशांशाचा चौथा भाग देतो! तर त्याने कवड्या किती दिल्या? गुणाकार केला की १/१२८० येते. आणि लीलावतीच्या कोष्टकाप्रमाणे वीस कवड्यांची काकिणी, चार काकिण्यांचा पण आणि सोळा पणांचा द्रम्म, म्हणजे द्रम्माच्या कवड्या १२८०. एवढ्या थाटामाटाने दिलेले दान एक कवडी! बाराव्या शतकातील विद्यार्थी येथे हसला असेल यात आम्हांस शंका नाही.

ही सर्व मंडळी अपूर्णांक लिहीत ते वर अंश आणि खाली छेद असेच. परंतु मधली आडवी रेघ त्यांच्याकडे नव्हती. पूर्णांक असला तर तो सर्वांत वर. पेशावरजवळील बख्शाली गावी १८८१ साली जमिनीत सापडलेल्या भूर्जपत्रांच्या पोथीतही हीच पद्धत दिसते. त्या पोथीच्या काळाविषयी विद्वानांत अजून एकमत नाही. तिच्यात संख्येपुढे आपल्या आजच्या अधिक चिन्हासारखी खूण येते, आणि तिचा अर्थ मात्र 'उणे' असा आहे. मधली रेघ अरबी गणितज्ञांनी, विशेषतः मगरिबातील पंडितांनी, रूढ केली. पिसा नगरीच्या लिओनार्दोने १२०२ मध्ये आपल्या ग्रंथातून ती युरोपात नेली. आणि पुढे छापील पुस्तकांबरोबर ती आपल्या शाळांत आली. म्हणजे अंकांची मांडणी येथून तिकडे गेली आणि परत येताना मध्ये एक रेघ घेऊन आली.

लिओनार्दोच्या ग्रंथानंतर पाचच वर्षांनी, १२०७ साली, खानदेशात जी गोष्ट घडली ती देवस्थानाशी संबंध असलेल्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावी अशी आहे. चाळीसगावाजवळ पाटण म्हणून जुने गाव आहे. तेथील देवीचे स्थान पाटणादेवी या नावाने प्रसिद्ध आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी होता. आजोबांचा सिद्धान्तशिरोमणि आणि घराण्यातील इतर ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्याने या पाटणास मठ स्थापिला, आणि निकुंभ वंशातील सोइदेव याने त्यास देणगी दिली. हे सर्व तेथील शिलालेखात लिहिले आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख विद्वानांपुढे आणला. लेखाचा मोठा भाग संस्कृत आहे. परंतु मठास बाजारातून काय मिळावयाचे ते कलम आले की भाषा बदलते आणि जुनी मराठी सुरू होते. कर द्यावयाचा तो व्यापाऱ्याने आणि तेल्याने. त्यांस समजेल अशीच भाषा हवी होती. घाण्यागणिक पळी पळी तेल, पोफळे, आणि गिऱ्हाइकाकडून दामाचा 'विसोवा', म्हणजे विसावा भाग.

विसावा भाग! लीलावतीतील कमळांच्या राशीत गुरूच्या वाट्यास आला होता तोही विसावाच. हा निव्वळ योगायोग आहे, आणि आम्ही त्यावर काही इमारत उभारू इच्छीत नाही. पण लीलावतीचे कोष्टक लावून पाहण्याचा मोह आवरत नाही. दाम हा द्रम्मच धरला तर त्याच्या १२८० कवड्या, आणि विसोवा चौसष्ट कवड्यांचा: तीन काकिण्या आणि वर चार कवड्या. ज्या मठात समच्छेद शिकवावयाचा, त्याच्या तेलवातीचा खर्च अपूर्णांकांतच येत होता.

आता बाजाराकडे वळावे, कारण तेथे हा प्रश्न निराळ्याच रीतीने सुटला होता. पंडिताने निरनिराळे छेद सारखे करण्याचा विधी शोधला. व्यापाऱ्याने निरनिराळे छेद मुळात येऊच दिले नाहीत. त्याने रुपयाचे सोळा आणे केले, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. जुन्या मराठी जमाखर्चात आडवी रेघ म्हणजे आणा आणि उभी रेघ म्हणजे पाव. तीन आडव्या रेघांपर्यंत तीन आणे. चौथा आला की त्या चारांची एक उभी. चार उभ्या झाल्या की एक रुपया. सव्वा, दीड आणि पावणेदोन लिहावयाचे ते एकापुढे एक, दोन किंवा तीन उभ्या रेघा देऊन. ही बेरीज कारकून डोळ्यांनी करी. त्याचे छेद सदाचेच समच्छेद होते.

त्यासाठी मुखोद्गत लागत ते पाढे म्हणजे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. संध्याकाळी दिवा लागला की घरोघर परवचा चाले, त्यात हेही असत. या नावांतच एक छोटे गणित दडले आहे. पाऊण म्हणजे पादाने ऊन, सव्वा म्हणजे पादासह. अडीच हा 'अर्धतृतीय', म्हणजे ज्याचा तिसरा अर्धा आहे तो; औट हा 'अर्धचतुर्थ', ज्याचा चौथा अर्धा आहे तो, म्हणून साडेतीन. औट हात देह असे संत म्हणतात ते याच मापाने. कोकणीत 'देड' म्हणणाऱ्याच्या आणि मराठीत 'दीड' म्हणणाऱ्याच्या मुखी एकच जुना अपूर्णांक आहे. मापांचेही तसेच. लीलावतीत चार कुडवांचा प्रस्थ, चार प्रस्थांचा आढक, चार आढकांचा द्रोण. आणि गोव्यात भाताच्या मापात 'कुडव' हा शब्द आजच्या पिढीच्या आजोबांपर्यंत रोजच्या वापरात होता, मात्र माप पुष्कळ मोठे झालेले आणि वीस कुडवांची खंडी.

पंचांगकर्त्याची युक्तीही याच जातीची. अहोरात्राच्या ६० घटका, घटकेची ६० पळे. एकापासून सहापर्यंत सर्व संख्यांनी निःशेष भाग जाईल अशी सर्वांत लहान संख्या साठच आहे.

नाण्यांच्या बाबतीत एक गमतीची गोष्ट आमच्या नजरेस आली, ती येथे सांगितली पाहिजे. इंग्रजी अमलातील रुपयाच्या पै १९२. त्याचा तृतीयांश ६४ पै, म्हणजे पाच आणे चार पै. षष्ठांश ३२ पै. पण पंचमांश मागितला की गाडी अडते, कारण १९२ स पाचांनी भाग जात नाही. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले, आणि १ जून १९६४ पासून त्यांतला 'नवा' हा शब्द गळाला. आता पंचमांश सरळ वीस पैसे झाला, पण तृतीयांश आणि षष्ठांश अडले. म्हणजे भास्कराचार्यांची पूजा जुन्या रुपयात विष्णूपाशी अडते आणि नव्या रुपयात शंकर व सूर्य यांच्यापाशी! या दोहोंच्या मध्ये गोव्याचा पोर्तुगीज अमलातील रुपया होता. त्याचे सोळा तंगे आणि तंग्याचे साठ रेइस, एकंदर ९६०. यात शंकराचे ३२०, विष्णूचे १९२, सूर्याचे १६० आणि देवीचे २४०. बेरीज ९१२, आणि गुरूस उरतात ४८. कोठेही तुकडा पडत नाही. १९५८-५९ च्या सुमारास रुपयाच्या जागी सहा एस्कुदो आले, तरी सहाशे सेंताव्हुंत हे जमतच होते. राज्यकर्त्यांनी हे मुद्दाम केले असे मात्र कोणी समजू नये.

कार्लुश राजाच्या नावाने १९०१ आणि १९०३ साली पाडलेली तांब्याच्या रंगाची लहान नाणी काही घरांतून अद्याप जपून ठेवलेली आढळतात. ती चार प्रकारची: तंग्याचा अर्धा भाग, चौथा भाग, आठवा भाग आणि बारावा भाग. ज्या मुलास समच्छेद शिकवावयाचा आहे त्याच्या हातावर ही चार नाणी ठेवावीत आणि विचारावे, एकूण किती? २, ४, ८ आणि १२ यांचा निरुद्ध २४. नाणी झाली १२, ६, ३ आणि २, बेरीज २३. तंग्यास चोविसावा भाग कमी. रेइसांत ताळा पाहिला तर ३०, १५, साडेसात आणि पाच, म्हणजे साडेसत्तावन्न. तंग्यास अडीच रेइस कमी, आणि साठांचा चोविसावा भाग अडीचच. आमच्या मते कोणत्याही पाठ्यपुस्तकात यापेक्षा चांगले उदाहरण नाही, कारण येथे 'निराळे छेद' ही कल्पना राहात नाही; ती नाणी होऊन वाजू लागते.

दशमान नाण्यांनी हिशेब सोपा झाला, हे मान्य केलेच पाहिजे. आण्याचे सव्वासहा पैसे करून देणाऱ्या त्या संक्रमणकाळातील तक्ते आठवावेत असे कोणास वाटणार नाही. परंतु पावकी आणि औटकी घरातून गेल्या, आण्यांच्या रेघा वहीतून गेल्या, आणि अपूर्णांकाचा रोजचा सहवास संपला. समच्छेदाचा विधी मात्र शाळेत जसाच्या तसा राहिला. ज्या मुलाने आयुष्यात षोडशांश हाताळला नाही त्यास आपण एकदम तीन निराळ्या छेदांसमोर उभे करतो.

आणि हा विधी केवळ शाळेपुरता उरला आहे असेही नाही. वडिलोपार्जित मालमत्तेचे वाटे अजून अपूर्णांकांतच पडतात. तीन भावांपैकी एकास चार मुलगे असले की त्यांतील प्रत्येकाचा बारावा हिस्सा. देवाच्या पूजेच्या पाळ्याही ज्या देवळांत घराण्यांत वाटलेल्या असतात, तेथे त्या अशाच फाटत जातात. समजा, एका देवळात पाळीचे तिसरा, पाचवा, सहावा आणि चौथा असे चार हक्क चार घरांकडे आले आहेत, आणि चारही घरे समजतात की आपण मिळून वर्ष पुरे करतो. तिथींनी मोजल्यास वर्ष ३६० दिवसांचे. पहिल्या घराचे १२०, दुसऱ्याचे ७२, तिसऱ्याचे ६०, चौथ्याचे ९०, मिळून ३४२. अठरा दिवसांच्या पूजेस वाली नाही. कोणी तरी ती करीत असतो, त्या अठरा दिवसांचे उत्पन्नही कोणाकडे तरी जात असते, आणि पुढे केव्हा तरी दोन घरांचे बोलणे बंद होते. छेद जुळवून बेरीज आधीच कोणी केली असती तर विसावा भाग उरतो हे पहिल्याच दिवशी दिसले असते, आणि तो कोणाकडे जावा हे महाजनांनी बसून लिहून ठेवले असते. अधिक मासाच्या वर्षी तर आणखी एक अडचण येते. तिथी ३९० होतात. पहिल्या तीन घरांस १३०, ७८ आणि ६५ असे पुरे दिवस मिळतात, पण चौथ्या घराचे येतात साडेसत्त्याण्णव आणि बेवारस उरतात साडेएकोणीस. अशा वर्षी एका दिवशी सकाळची पूजा चौथ्या घराने करावयाची आणि सायंकाळची त्या विसाव्या भागाच्या मानकऱ्याने.